सातव्या प्रश्नाचं उत्तर

कोपर, डोंबिवली पश्चिम
२१ ऑगस्ट २०२५

जयेश,

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आज बारा दिवस झाले. संदेशच्या फोनवरून लावून पाहिला, तर नवऱ्याचाही नंबर ब्लॉक. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. डोंबिवलीहून कल्याणला, तेही स्पीड पोस्टानं. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता वाचून माझ्याकडे दोनदा बघितलं. दोन-चार स्टेशनांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र धाडणारी बहीण त्यांनी याआधी पाहिली नसावी.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरलेले नाही.

आधी कामाचं. सोबत तुझ्या जबाबाचा कागद आहे. मी टाइप केलाय, तुला डोकं चालवायची गरज नाही. खाली फुली आहे तिथे सही कर आणि तीस तारखेच्या आत माझ्या हातात पडेल असा पाठव. विमा कंपनीचा सर्वेअर पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला येतोय.

जबाबात एवढंच आहे की नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी तू कोलशेतच्या खाडीवर मिरवणुकीचं शूटिंग करत होतास, ड्रोनवर फक्त कॅमेरा होता, यंत्र बंद पडून तो खाली आला आणि पुढे चाललेल्या शेवंतीकाकींच्या उजव्या हाताला इजा झाली. नारळाचा उल्लेख नाही. तो तू करायचाही नाहीस.

का, ते लिहिते, कारण आपल्या धंद्याची पॉलिसी तू एकदाही उघडून वाचलेली नाहीस. आपली पॉलिसी कॅमेऱ्याच्या ड्रोनची आहे. तो कुणावर पडला, कुणाला लागलं, कुणाची काच फुटली, तर कंपनी भरपाई देते. पण ड्रोनला काही बांधलेलं असेल, मग ते नारळ असो की फुलाची परडी, तर कंपनी हात वर करते. म्हणजे नारळ नव्हता, तर काकीच्या हाताचा खर्च कंपनीचा. नारळ होता, तर तिच्या नशिबी सरकारी दवाखान्याची रांग. दुसरं ऑपरेशन व्हायचंय. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मासे कापून विकणाऱ्या बाईची बोटं आहेत ती. आई गेली तेव्हा याच हातानं तिनं दोन वर्षं आपल्या दारात कालवणाचं पातेलं आणून ठेवलं. पॉलिसीच्या भाषेत तिला 'तृतीय पक्ष' म्हणतात.

जबाब खोटा आहे, मला कळतं. पण तो तिच्यासाठी आहे, आणि तुझ्यासाठीही. माझा त्यात काही फायदा नाही.

शिवाय नारळाची टूम तुझीच. लग्नात नवरा-नवरीवर पाकळ्या सोडणारा ड्रोन खाडीला सोन्याचा नारळ का सोडणार नाही, असं गावाला दाखवायचं होतं तुला. इतकी वर्षं सोनेरी कागदातला तो नारळ माणसाच्या हातानं पाण्यात जातो, मग होड्या समुद्रावर जातात. त्यात तुला यंत्र घुसवायचं होतं. घुसवलंस. आणि त्या काकीला तरी हात वर करायला कोणी सांगितलं होतं? पाती फिरताना दिसत होती की. सगळे बाजूला पळाले, ही एकटी पुढे.

जाऊ दे. सही कर.

मेघाली

*

कोपर
२९ ऑगस्ट २०२५

जयेश,

कागद परत आला. सही नाही. मागच्या बाजूला तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात दोन ओळी: "नारळ होता. बाकीचं मी कुणाला बोललो नाही, बोलणार नाही."

मोठा हरिश्चंद्र लागून गेलास. आणि बाकीचं म्हणजे काय रे? बाकीचं काय आहे? जे आहे ते गावासमोर घडलं. उगाच गूढ बोलून मला घाबरवू नकोस. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे आणि दहा वर्षं विम्याच्या ऑफिसात कागद वाचतेय.

कागदाचंच ऐकायचं असेल तर ऐक. जुलैच्या शेवटी खोपटला आमच्या ऑफिसात तू आलेलास, एसटी डेपोसमोर बाइक आडवी लावून. आमच्या साहेब सुहासिनीताईंनी तुझ्यासमोर दोन पॉलिस्या ठेवल्या. पहिली फक्त कॅमेऱ्याची. फॉर्म भरा, संध्याकाळी ईमेलवर कागद हजर. दुसरीत वस्तू वाहून नेणं, खाली सोडणं, सगळं धरलेलं, पण त्यासाठी कंपनीचा माणूस येऊन ड्रोन बघणार, वजन सोडायचा हूक बघणार, मग कागद. पंधरा दिवस. ताईंनी चहा मागवला आणि सरळ विचारलं, तुमचं काम नक्की काय असतं? तू म्हणालास, "ताई, शूटिंग असतं. कधीमधी फुलं." ताई म्हणाल्या, मग दुसरी बघा. तू घड्याळ बघितलंस. कोपरला हळदीची ऑर्डर होती. मला म्हणालास, "तू बघ गं, स्कूटरची काढतेस तशी काढ." आणि गेलास. चहा तसाच.

मी बघितलं. फॉर्ममध्ये सातवा प्रश्न होता: ड्रोनवरून काही वाहून नेणार किंवा खाली सोडणार का? मी तुला फोन करून विचारलं होतं. तू नाही म्हणालास, म्हणून मी 'नाही' लिहिलं. हे लक्षात ठेव. कुणी विचारलं तर मी हेच सांगणार आहे.

काल घरच्या गणपतीचं विसर्जन झालं. तू आला नाहीस. बाबांनी आरतीत दोनदा दाराकडे बघितलं, मग टाळ माझ्या हातात दिले. गुडघे धरून पाटाशेजारी बसले ते उठेनात. विसर्जनाला पोपटकाकांनी मूर्ती नेली. लोक विचारत होते, जयेश कुठाय. मी सांगितलं, ऑर्डर आहे. तुझ्यासाठी मी खोटं बोलते आणि तू माझ्यासाठी एक सही करत नाहीस.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तू राखीला आला नाहीस. दवाखान्यात होतास, ठीक. त्यानंतर तुझा पत्ता नाही. गावातून पळून कल्याणला तुझ्या त्या मित्राच्या, सर्वेशच्या खोलीत जाऊन बसलास. काकीला टाकलेले टाके कोरडे व्हायच्या आधी तू निघालास. याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे, मी लिहीत नाही.

जबाबाची दुसरी प्रत जोडली आहे.

मेघाली

*

कोपर
८ सप्टेंबर २०२५

जयेश,

दुसरी प्रतही कोरी परत. या वेळी दोन ओळीसुद्धा नाहीत. बरं. तुझ्यावाचून काही अडलं नाही.

आज सर्वेअर कोलशेतला घरी आलेला. पन्नाशीचा माणूस, खांद्याला बॅग, चपला दारातच काढल्या. मी सुट्टी काढून आधीच जाऊन बसलेले. तुझा जबाब नाही म्हटल्यावर त्यांनी माझा घेतला. भागीदार म्हणून माझंही नाव आहे, आठवतंय ना? मी सांगितलं, फक्त कॅमेरा होता. आवाज हलला नाही. गावातल्या मोबाइलमधल्या व्हिडिओंची मला धास्ती होती. पण कंपनीच्या माणसाला ते कोणी दाखवले नाहीत. गाव काकीच्या बाजूनं आहे, तिला पैसे मिळावेत असं सगळ्यांनाच वाटतं. एक तुलाच वाटत नाही.

मग त्यांनी ड्रोन मागितला. मी खोक्यातून काढून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक पातं फिरवून बघितलं. डाव्या बाजूच्या मोटारीच्या दांड्याला पिवळा दोरा गुंडाळला गेला होता. बारीक, ओला होऊन सुकलेला. त्यांनी चिमट्यानं ओढून बघितला आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, मिरवणुकीत फुलांची सजावट होती, पडताना अडकलं असेल. त्यांनी दोरा पिशवीत घालून पिशवीवर नंबर लिहिला.

बाबांना विचारलं, "आजोबा, खाडीला नारळ कोणी दिला?" मी बाबांना सकाळीच पढवून ठेवलेलं. म्हणा, मी दिला, हातानं दिला. ते खोटंही नाही म्हणा. पण बाबांनी सर्वेअरकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "यंदा मान आमचा व्हता." आणि भिंतीला धरत आत गेले. दार लोटून घेतलं. सर्वेअर गेल्यावर मी हाका मारल्या तर म्हणाले, डोळा लागलाय.

आता एकच राहिलंय. काकीचा जबाब. सर्वेअरनी छापील कागद दिलाय, मजकूर मी भरायचा, वाचून दाखवायचा आणि तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, कारण उजवा हात पट्टीत आहे. पुढच्या सोमवारपर्यंत दिला की फाइल पुढे सरकेल. ठसा मिळेल. काकी मला नाही म्हणत नाही.

तेव्हा तू कल्याणला बसून सत्य जप. इथे सगळं मी निस्तरतेय, नेहमीसारखं. ड्रोन तू घेतलास, लायसन्स मी धावपळ करून काढून दिलं. ऑर्डरी तू घेतल्यास, पार्टीच्या शिव्या मी खाल्ल्या. आकाशात तू, जमिनीवर मी. आता पडल्यावरही तसंच.

मेघाली

*

कोपर
१५ सप्टेंबर २०२५

जयेश,

काल मी काकीच्या अंगठ्यासाठी मासळीबाजारात गेलेले. रविवार होता. हात गेला तरी काकी रविवार सोडणार नाही, जागेवर बसून कुणाकडून तरी कापून घेत असेल, असा माझा हिशोब. पर्समध्ये कागद आणि शाईचं पॅड.

तिच्या जागेवर तू बसलेलास.

प्लास्टिकचा एप्रन, पुढ्यात लाकडी ठोकळा, हातात तिचा कोयता. शेजारची आईची जागा अजून कुणी घेतलेली नाही, तिथे तू बर्फाचं खोकं ठेवलेलंस. आसपासच्या बायका तुझ्यावर हसत होत्या आणि तू त्या हसण्याला सरावलेला दिसलास. म्हणजे पहिला रविवार नव्हता. आपल्यात बाप्या माणूस होडीवर जातो, मासळी घेऊन बाजारात बसत नाही. आपले बाबा आईला टोपली उचलून द्यायलासुद्धा बाजाराच्या दारापर्यंतच यायचे. एक बाई तुला म्हणाली, एवढे जाड तुकडे कोण करतं, राहू दे, मी घरी कापते. तू मान वर न करता म्हणालास, "ताई, पुढच्या रविवारी नीट करतो." आणि तिला दोन बोंबील वर घातलेस.

मी खांबामागे उभी होते. किती वेळ ते सांगता येत नाही. तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही. गेल्या महिन्यात तुला पळपुटा म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं मी.

तिथून काकीच्या घरी गेले. ती दारात बसून पट्टीतल्या हातात चेंडू दाबत होती, डॉक्टरांनी सांगितलेला. मी कागद वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकला. मग म्हणाली, मधली ती ओळ परत वाच. मी वाचली: ड्रोनवर फक्त कॅमेरा होता.

"नारल नव्हता?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, काकी, तसं लिहावं लागतं, नाहीतर पैसे मिळत नाहीत.

काकीनं चेंडू खाली ठेवला. "मेघा, नारल व्हता म्हून मी हात घातला. खाडीचा नारल भुईला लागला असता तं तुज्या बापाचा मान गेला असता. निस्ता कॅमेरा असता तं मी पयली पलाली असती. आता तू लिवतंस नारलच नव्हता. मंग मी काय येडी, फिरत्या पंख्यान हात घालाला?"

ती रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. पॅड उघडून मांडीवर ठेवलेलं, ते मी बंद केलं. माझ्याच अंगठ्याला शाई लागली, ती अजून पूर्ण गेलेली नाही.

तुला मी तीन पत्रं लिहिली. त्यात काकीनं हात का वर केला ते एकदाही लिहिलं नाही. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिनं तो नारळ झेलला होता. उजव्या हातानं ड्रोन अडवला आणि डाव्यानं नारळ छातीशी धरून खाली बसली. सोनेरी कागद लाल झालेला. तो भुईला लागला नाही. आपण तिच्या हाताला टॉवेल बांधत होतो आणि ती ओरडत होती, आधी नारळ घ्या रं. पोपटकाकांनी तो बाबांच्या हातात दिला. दोघांच्या खांद्यावर भार टाकून बाबा कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि खाडीला देऊन आले. म्हणजे जे बाबांना गुडघ्यांमुळे जमणार नाही म्हणून एवढा घाट घातला, ते बाबांनी शेवटी केलंच.

घाट मी घातला. टूम तुझी नव्हती, माझी होती. यंदा मान आपल्या घरचा, आणि बाबा म्हणत होते की माझ्याच्यानं चिखलात उतरवत नाही, तुमच्या चुलत्याकडे देऊन टाका. मला ते सहन होईना. मीच तुला म्हटलं, ड्रोनला बांधू, बटण बाबांनी दाबायचं, म्हणजे नारळ त्यांच्याच हातचा झाला. तू म्हणालास वजन जास्त आहे. मी म्हटलं, उचलून तर बघ. तू सोललेला नारळ घेऊन वाडीमागे दोनदा उडवून बघितलास, जमला. मग मी पौर्णिमेच्या दिवशी, तू बॅटरी लावत असताना, त्याला झेंडूचा हार बांधला. देवाचा नारळ बोडका कसा पाठवायचा, म्हणून. तो लोंबत होता. त्याचं टोक पात्यात गेलं. सर्वेअरच्या पिशवीत आहे तो दोरा मी ओवलेला आहे. हेच तुझं 'बाकीचं'. ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुलाही कळलं होतं, आणि तू दवाखान्यात पोलिसांसमोर "माझी चूक" एवढंच म्हणालास.

सातवा प्रश्न राहिला. मी तुला फोन केला होता हे खरं. तू उचलला नाहीस, तुझा ड्रोन हळदीच्या मांडवावर हवेत होता. मी तुला विचारलंच नाही, जयेश. पौर्णिमा नऊ दिवसांवर होती आणि दुसरी पॉलिसी पंधरा दिवसांनी मिळणार होती. त्याच्याही आठ दिवस आधी नारळ ठरलेला आणि मी तो प्रश्न वाचून 'नाही' लिहिलं. कुणावर पडणार आहे, असं वाटलं. दहा वर्षं लोकांना सांगतेय, फॉर्ममध्ये खरं लिहा हो, पुढे तुम्हालाच त्रास. दिवसातून चारदा सांगते.

आज सकाळी सुहासिनीताईंच्या टेबलावर कागद ठेवला आणि तोच सर्वेअरना पाठवला. नारळ होता. हार मी बांधला. सातव्या प्रश्नाचं उत्तर मी पायलटला न विचारता लिहिलं आणि आठ तारखेला दिलेला जबाब खोटा होता. ताईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, फाइल बंद होईल, आणि तुझ्यावर कारवाई होईल की नाही ते मी सांगू शकत नाही. मग म्हणाल्या, महिनाभर येऊ नकोस, पुढचं नंतर बघू. डबा भरलेलाच होता, तो घेऊन मी परत आले.

दुपारी काकीकडे जाऊन आले. कंपनी देणार नाही, दुसऱ्या ऑपरेशनचं जयेश आणि मी बघू, असं सांगितलं. तिनं मान हलवली आणि विचारलं, "कोयता धरता येतं काय गं तुला?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "मंग शीक."

मला अजून तुझा राग आहे, हे नीट वाच. बाजारात बसतोस हे तू मला सांगितलं नाहीस. हाराचं कळूनही मला बोलला नाहीस, नुसता नंबर ब्लॉक केलास आणि मला खोटं लिहीत राहू दिलंस. तोंडावर दोन शब्द सुनावले असतेस तर मी बाबांना पढवायला बसले नसते. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. मोठेपणा करून माणसाला एकटं पाडता येतं, ते तुला छान जमलं.

ब्लॉक काढायची घाई करू नकोस. राखी पाठवत नाही. दिवसभर बर्फात हात असतो तुझा, टिकणार नाही.

रविवार तुझे राहू देत. बुधवार आणि शुक्रवार मी बसणार आहे. पितृपक्ष चालू आहे, गिऱ्हाईक कमी, तेवढ्यात हात बसेल. काकी म्हणाली, कोयता तू धुवून कल्याणला घेऊन जातोस. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तो तिच्या दारात आणून ठेव. आणि धार लावून ठेव, तुकडे जाड येतायत.

मेघाली